लिंबाएवढा रोडगा

चिखलीच्या धान्य बाजारात लिलाव उरकले, पोती उचलली गेली, की ओट्यावर आणि ओट्याखाली सांडलेलं जे राहतं त्याला मातेरं म्हणतात. ज्वारी, गहू, हरभरा, तूर, माती, खडे, सुतळीचे तुकडे, सगळं एकत्र. माझी आई ते मातेरं घरी आणायची. आडत्याचा ओटा झाडून द्यायचा आणि झाडलेलं आपण न्यायचं, असं तिचं आणि त्याचं ठरलेलं होतं. वडील त्याच बाजारात हमाल होते. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, आणि त्यांच्या पोत्यातून जे गळायचं ते माझी आई गोळा करायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी धान्य असंच येतं.

संध्याकाळी अंगणात आई दोन चाळण्या आणि एक सूप घेऊन बसायची. एका चाळणीतून माती गळायची, दुसरीतून बारीक दाणा. उरलेलं सुपात पाखडायचं. मी खडे वेचायचे. शेवटी जे हाताला लागायचं ते दळून आणायचं. त्यामुळे आमच्या भाकरीचा रंग रोज वेगळा असायचा. हरभरा जास्त पडला की पिवळसर, तूर जास्त पडली की भाकरी तव्यावर चिरायची. दाताखाली खडा आला तर खडा थुंकायचा आणि घास गिळायचा. घास थुंकला की आई बघायची.

आमच्या घरात दोन नियम होते. ताटात टाकायचं नाही, आणि वाढणाऱ्या हाताला नाही म्हणायचं नाही. पहिला नियम का होता ते मातेरं वेचणाऱ्याला सांगावं लागत नाही. दुसरा नियम लग्नाकार्यासाठी होता. पंगतीत बसलो की आई कानात सांगायची, "बुंदी वाढाले आली की नाई म्हनू नको. घे. मंग पाह्यता येईन." लग्नातलं एक जेवण आम्हाला दोन दिवस पुरवायचं असायचं. मी पोटाला तड लागेपर्यंत जेवायची आणि आई समोर उभी राहून खूश व्हायची. ती स्वतः शेवटी बसायची. आमची जेवणं झाली की परातीला लागलेलं पीठ खरवडून त्याची इवलीशी भाकर थापायची आणि ती मिठासोबत खायची. मी विचारलं तर म्हणायची, "मले भूक नाई व माय." इतकी वर्षं भूक नसलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी आमच्या घरात पहिली दहावी झाले, पहिली बारावी झाले आणि पहिली पदवीधर झाले. हे मी ठिकठिकाणी सांगते आणि इथंही सांगते, कारण ते मला कुणी ताटात वाढलेलं नाही. वडिलांना सही येत होती, आईला तीही नाही. मी कॉलेजात जायची ते बाजारावरूनच. वडील पोत्याखाली वाकलेले असायचे, तरी मान वळवून बघायचे आणि बाकीच्या हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "चालल्या का कॉलेजले?" त्यांनी मला अहोजाहो केलं ते फक्त त्या रस्त्यावर.

पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पहिल्या पगारात गव्हाचं एक अख्खं पोतं घेतलं. हमाल लावायचा म्हटलं तर वडील चिडले. "माह्या पोरीचं पोतं दुसरा कोन उचलन बे?" असं हमालांवर खेकसत त्यांनी ते स्वतः घरी आणलं. आईने पोत्याचं तोंड उसवलं, कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर गहू काढून बघितला. मग जाऊन चाळण्या घेऊन आली. मी म्हटलं, "आई, स्वच्छ आहे तो." तरी तिने तो चाळला. खाली काही पडलं नाही. रिकाम्या परातीकडे बघत ती बराच वेळ बसून राहिली.

त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या ताटाला अंत राहिला नाही. शाळेतून आले की गरम पोळ्या. एक संपायच्या आत दुसरी. त्यावर तूप, कारण आता घेता येत होतं. भजी, शेव, गूळ-शेंगदाणे, रविवारी शिरा. मी कधी नाही म्हटलं नाही, म्हणायचं नसतं हे लहानपणापासून ठाऊक. शेजारच्या बाया आल्या की आई माझ्याकडे हात करून सांगायची, "माही पोरगी पाय. कशी भरली." तिच्या लेखी माझं अंग हीच तिची मिळकत होती. मी तिची एकुलती एक. लग्न झाल्यावर काही वर्षांनी वडील गेले, तेव्हा आईला मी माझ्याकडेच आणलं. नवरा एसटीत कंडक्टर, त्याची कुरकुर नव्हती. तर आई आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, आणि पुन्हा गरम पोळ्या सुरू झाल्या.

चाळिशीला आले तेव्हा वडील वाहायचे त्या पोत्यापेक्षा मी जड झाले होते. मला हे वजनकाट्यावर उभी असतानाच सुचलं आणि माझ्या पायांची मला दया आली. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे जिन्यावर आवाज करायचे. शाळेत जायच्या काळीपिवळीत ड्रायव्हर म्हणायचा, "मॅडम, तुम्ही पुढं बसा एकट्या. मागं तुमच्या जागेत तीन जण बसतात." सगळी जीप हसायची आणि मीही हसायची. न हसून काय करणार, रोज त्याच जीपने जायचं होतं. डाएट करून झालं. भात सोडला, पोळी सोडली, लिंबूपाणी प्याले. दहा किलो उतरायचं आणि पंधरा चढायचं.

सगळ्यात लागायचं ते पंगतीत. मला मांडी घालता येईना. यजमान धावत खुर्ची आणायचा, आणि सगळे खाली बसलेले असताना मी एकटी वर, मांडीवर ताट घेऊन. वाढणारे वाकून बाकीच्यांना वाढायचे आणि माझ्यापाशी येऊन सरळ व्हायचे. हमालाची पोरगी आहे मी, मान खाली घालायची सवय मला नाही. पण त्या खुर्चीवर बसले की मी ताटातून मान वर काढत नसे.

एक दिवस शाळेत दुपारची खिचडी वाटून झाली होती. पहिलीतली एक चिमुरडी ताटलीत अर्धी खिचडी ठेवून उठली. मी म्हटलं, "संपव गं, टाकायचं नाही." ती म्हणाली, "बाई, भरलं," आणि खेळायला पळाली. मी तिथंच उभी. तिला कसं कळलं? मला खरंच विचारावंसं वाटलं तिला. पोट भरलं हे कुठून कळतं? आतून कुणी सांगतं का? मला ताट संपलं हे कळायचं. पातेलं संपलं हे कळायचं. पोट भरलं हे मला कधी कळलंच नव्हतं. मी ती ताटली उचलली, आणि सवयीने चमचा हातात घेतला, आणि ठेवून दिला.

संभाजीनगरला एका हॉस्पिटलात वजनाचं ऑपरेशन करतात हे नवऱ्याने एका सहकाऱ्याकडून ऐकलं होतं. आम्ही जाऊन भेटलो. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. जठराची एक लहानशी पिशवी वेगळी करायची आणि आतडं तिला जोडायचं. पोटात मावणार अगदी थोडं. ते म्हणाले, "ऑपरेशन मी करीन, ते दोन-अडीच तासांचं काम आहे. पुढचं आयुष्यभर तुम्हाला करायचंय." मला हे बोलणं आवडलं. अभ्यास स्वतः करावा लागतो हे मला नवीन नव्हतं.

खरी परीक्षा घरी होती. मी आईला सांगितलं तेव्हा ती वांगी चिरत होती. विळीवरचा हात थांबला.

"पोट कापून घेतं?"

"कापून म्हणजे लहान करतात, आई."

"काऊन? बिमार हायेस का तू?"

"साखर आहे, बीपी आहे. गुडघे तर तुला माहीतच आहेत."

"त्याच्यासाठी गोळ्या असतात." मग ती उठली, विळी बाजूला सारली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ह्या पोटापायी म्या जिनगीभर माती चाळली, अन् तू तेच कापून टाकतं?"

नवरा मध्ये पडला. "आई, अहो तिला जगायचंय अजून." आई त्याला म्हणाली, "जगाले खा लागते, जवाईबापू," आणि आत गेली.

चार दिवस ती माझ्याशी मोजकं बोलली. पाचव्या दिवशी सकाळी तिने माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि सांगितलं, "मारोतीले बोलली मी. तू सुखरूप आली तं रोडग्याचं जेवन देईन." मारोती म्हणजे तिच्या माहेरचा, घाटाखाली, रोहिणखेडच्या बाजूच्या एका गावातला. त्या गावात नवसाची रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस बोलला त्याने पहिल्या पंगतीत बसायचं, मारोतीसमोर ठेवलेला पहिला रोडगा त्याच्या पानात पडायचा, आणि तो त्याने पुरा संपवून उठायचं. रोडगा म्हणजे जाडसर गव्हाच्या पिठाचा गोळा, गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजलेला. नारळाएवढा असतो. तो फोडून, तूप ओतून, वरण आणि वांग्याच्या भाजीशी खातात. जवान गडी दोन खाऊन तिसऱ्याला थकतो. पोट लहान करून मी सुखरूप यावी म्हणून आई जो नवस बोलली होती तो फेडायला मोठं पोट हवं होतं. हे त्या वेळी आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

ऑपरेशन श्रावणात झालं. नीट झालं. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते दुखणं नव्हतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला खायची आठवण आली नव्हती.

घरी आल्यावर काय खायचं ते हॉस्पिटलातल्या आहार सांगणाऱ्या मुलीने बजावलेलं होतं. सुरुवातीला फक्त पातळ. पाणी, ताक, वरणाचं निवळ पाणी, तेही एकेक घोट. गोड अजिबात नाही. फोनवर तिने ते आईलाही समजावलं. आईने "हाव, हाव" म्हणून ऐकलं. तिने त्यातला एकच शब्द धरला, पातळ. आणि पातळ करणं तिला येत होतं.

पोळ्याचा दिवस होता. गल्लीतून बैल वाजतगाजत गेले. आईने पुरण घातलेलं होतं, वास घरभर. मी माझा ताकाचा पेला घेऊन बसले. तेवढ्यात मिक्सर फिरल्याचा आवाज आला. आई वाटीतून काहीतरी घेऊन आली. दुधाळ, पिवळसर, एकदम गुळगुळीत.

"काय आहे?"

"पातळच हाये. पी."

"पण काय?"

"पुरनाची पोई दुधात फिरवली. गाळून घेतली वरून. एक गुठळी नाई, पाह्य." तिचा चेहरा असा फुलला होता. "सनाच्या दिवशी माही लेकरू ताक पिऊन बसन का?"

मला नाही म्हणता आलं असतं. पण वाढणारा हात आईचा होता. मी दोन घोट घेतले, मग आणखी दोन. चव अशी, की डोळ्यांत पाणी आलं. मग काही वेळात दुसरंच पाणी आलं. अंगाला दरदरून घाम सुटला, छाती धडधडायला लागली, पोटात पिळा पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पलंगावर आडवी झाले. आईने ओरडून नवऱ्याला बोलावलं. त्याने फोन लावला. आहारवाल्या मुलीने विचारलं, "काय घेतलं त्यांनी?" नवऱ्याने वाटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुरणपोळी, मॅडम. गाळलेली." पलीकडून ती बिचारी हसू आवरत म्हणाली, "गोड सरळ आतड्यात उतरलं की असं होतं. झोपवून ठेवा, थोड्या वेळाने ओसरेल. ओसरलं नाही, किंवा दुखणं वाढलं तर लगेच घेऊन या."

ओसरलं. पण आई मोडली. ती पलंगाच्या पायथ्याशी बसली होती, पदराने माझे पाय पुसत होती. घाम पायाला नव्हता, तरी पुसत होती.

"म्या खाऊ घातलं अन् तुले असं झालं," ती म्हणाली. "आजपावतर माह्या हातचं कोनाले बाधलं नाई."

त्या दिवसानंतर तिने मला वाढणं बंद केलं. माझं पातळ मी करून घ्यायची, ती पाठ करून उभी राहायची. मला घाम फुटला होता त्यापेक्षा हे जड गेलं. मी वजन कमी करायला निघाले होते, आईला बिनकामाची करायला नव्हे.

पातळ संपून मऊ खाणं सुरू झालं तेव्हा मी तिला म्हटलं, "आई, वरण-भात कुस्करायचा आहे. बिलकुल दाणा राहायला नको. मला तुझ्यासारखा जमत नाही." तिने वाटी घेतली आणि कुस्करायला बसली. तेच बोट, तीच नजर, जी मातेऱ्यातून खडा शोधायची. तिने एक-एक शीत दाबून पाहिलं. वाटी माझ्यापुढे ठेवली आणि तिथंच बसली, पळायच्या तयारीत.

मी चार चमचे खाल्ले. आणि मग ते घडलं. छातीच्या खाली, मधोमध, कुणीतरी आतून अलगद हात टेकवावा तसं वाटलं. बस म्हणाल्यासारखं. मी चमचा खाली ठेवला. मला ती पहिलीतली पोरगी आठवली.

"भरलं," मी म्हटलं.

आई वाटीत बघायला लागली. अर्धं शिल्लक होतं. "एवढ्यात?"

"एवढ्यात."

तिने उरलेलं स्वतः खाल्लं. टाकलं जाणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने वाटीत थोडं कमी घातलं. नंतर आणखी कमी. मग एक दिवस तिने ती वाटीच बदलली आणि देवघरातली नैवेद्याची वाटी घासून आणली. त्या वाटीत मी वाटीभर खाऊ लागले आणि काही उरेना. तिने ताटात टाकायचं नाही हा नियम सोडला नाही, वाढणं तेवढं लहान केलं. मी इतकी पुस्तकं वाचलेली, हे मला सुचलं नव्हतं.

सगळं सोपं झालं असं नाही. केस मुठीमुठीने गळले. गोळ्या रोज घ्याव्या लागतात, जन्मभर घ्यायच्या आहेत. घाईत घास नीट न चावता गिळला की छातीत अडकायचा आणि उलटी करूनच सुटका. पोट लहान झालं तरी हात मोठाच होता. शाळेत उरलेल्या खिचडीकडे तो आपोआप जायचा. मी हात पाठीमागे बांधून वर्गात फिरायला शिकले. मुलांना वाटायचं बाई कडक झाल्या. संध्याकाळी भूक नसताना स्वयंपाकघरात जायची, डबे उघडायची, लावायची. आई बघायची. एकदा म्हणाली, "कायले शोधून राह्यली वं? त्या डब्यात नाई ते." मी डबा लावला आणि तिच्यासोबत फिरायला निघाले. आम्ही मायलेकी रोज संध्याकाळी बाजाराच्या फाटकापर्यंत चालत जाऊ लागलो. फाटकाशी ती थोडी थांबायची. आत कुणीतरी ओटे झाडत असायचं.

काळीपिवळीचा ड्रायव्हर एक दिवस आरशात बघून म्हणाला, "मॅडम, मागं बसा आता. पुढं दोन पाहुणे घ्यायचेत." मी मागे बसले, खिडकीला.

हिवाळ्यात वांगी आली आणि आईने नवसाचा विषय काढला. तोवर माझं जेवण म्हणजे अर्धी पोळी, वाटीभर घट्ट वरण, अंडं किंवा पनीर आणि दोन घास भाजी. पहिला रोडगा पुरा खायची रीत आम्हाला दोघींना एकाच वेळी आठवली असावी, कारण दोघींनीही एकदम माझ्या वाटीकडे पाहिलं.

"गावातल्या मामाला सांगू का, की नियम सोडा म्हणून?" मी विचारलं.

"नवस मामाले नाई बोलली मी. मारोतीले बोलली."

घाट उतरताना माझ्या डोक्यात तेच. रोडगा खाल्ला तर पोट बिघडणार. पानात टाकला तर आईचा नवस अर्धा राहणार, तोही तिच्या माहेरी, तिच्या भावाबंदांदेखत. मी तिचं अन्न टाकलं असं सगळं गाव म्हणेल. नवरा म्हणाला, "मी बाजूला बसतो, हळूच माझ्या पानात सारा, मॅडम." आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "चोरी करून नवस फेडत नसतात, जवाईबापू."

मारोतीजवळच्या मामाच्या मळ्यात पोचलो तेव्हा गोवऱ्यांचा आर पडला होता, निळा धूर, वांग्याच्या भाजीचा मोठा गंज चुलीवर. आई उतरल्या उतरल्या कणकेच्या परातीकडे गेली. मला बायकांनी घेरलं.

"अवं माय! हे कोन? मास्तरीन हाये का?"

"निम्मी वायली वं! शुगर झाली का?"

"नवरा खाऊ घालत नाई वाटते." 

"कॅन्सर-बिन्सर तं नाई ना बाई?" मामी हळूच म्हणाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

"ऑपरेशन केलं, मामी. वजनाचं. आता मी ठणठणीत आहे, साखरेची गोळीही डॉक्टरांनी बंद केली."

"अन् जेवन?"

"थोडं."

"थोडं म्हंजे किती?" त्या सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला कळलं, आज त्या पानावर नजर ठेवणार.

पंगत पडली. मामांनी सवयीने खुर्ची आणवली. मी ती बाजूला सरकवली आणि पहिल्या पानावर मांडी घालून बसले. जमिनीवर, सगळ्यांच्या रांगेत. कित्येक वर्षांनी मला शेजारच्याचं तोंड समोरासमोर दिसलं. आई लांबून बघत होती.

मारोतीला नैवेद्य झाला. मामा ताट घेऊन आले, त्यावर फडक्याने झाकलेला पहिला रोडगा. त्यांनी फडकं काढलं आणि थांबले.

ताटात लिंबाएवढा एक रोडगा होता. खरपूस भाजलेला, राख पुसून तूप लावलेला. एवढासा.

"हे काय? पोरासोरांच्या खेळातला हाये का?" मामा म्हणाले. "पह्यला रोडगा कुठं?"

"तोच पह्यला," आई मागून म्हणाली. हात अजून पिठाने भरलेले होते. "मारोतीसमोर तोच ठेवला होता. म्याच केला, म्याच भाजला."

"अवं पन रीत—"

"रीत काय हाये? पह्यला रोडगा पुरा खाऊन उठाचं. ती पुरा खाईन. रोडगा केवढा करायचा हे मारोतीनं कुठं सांगतलं?"

कोणी हसलं, कोणी एकमेकींकडे पाहिलं. मामांनी रोडगा माझ्या पानात ठेवला. मी तो फोडला. आतून वाफ आली. वरणात भिजवून एकेक घास मी नीट चावून खाल्ला, घाई न करता. ओव्याची, धुराची आणि तुपाची चव लागत होती. पूर्वी मोठे रोडगे खाताना ही चव लागल्याचं मला आठवत नाही. तेव्हा मी खायची ती पुढच्या घासाकडे बघत. शेवटचा तुकडा संपला, वरणाचा शेवटचा घोट संपला, आणि छातीच्या खाली तो ओळखीचा हात टेकला.

मामा बादली घेऊन परत आले. "चाल, आता मामाच्या हातचा अर्धा तरी. माही भाची अशी उठन का?" रोडग्याचा तुकडा माझ्या पानाच्या वर आला. मी हात आडवा धरला.

"नको मामा. भरलं."

"असं कसं भरलं? आमच्या इथं—"

"नको वाढू तिले," आई म्हणाली. "पोट भरलं माह्या पोरीचं."

हे वाक्य मी तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मामा पुढच्या पानाकडे वळले. मामी म्हणाली, "पान तं चाटूनपुसून साफ केलं वं हिनं," आणि बाकीच्या बायका आपापल्या रोडग्यांकडे वळल्या.

पंगत उठली तेव्हा मीही उठले. हात न टेकता, कुणाचा आधार न घेता. आई चुलीजवळ बसली होती. मी तिला उठवलं, पानावर बसवलं, आणि तिच्यासाठी आरातून मोठा रोडगा काढून आणला. सगळ्यांच्या शेवटी परातीतलं पीठ खरवडणारी ती बाई त्या दिवशी दुसऱ्या पंगतीत, मधोमध बसली, आणि तिला मी वाढलं. ती म्हणाली, "बस, बस, अर्धाच दे." मी अर्धाच दिला. तिने तो पुरा खाल्ला.

परतताना घाटात गाडी चढत होती. आई मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

पदवी घेणारी मी आमच्या घरातली पहिली. आणि पोट भरलं हे ओळखून, ताटात काही न टाकता, आपल्या पायांवर पंगतीतून उठणारीही मीच पहिली.